गर्दीतली नाकवाली बाई

सोमवार, ३ मार्च

सात चुका काढल्या! वही मांडीवर, चष्मा नाकावर, टीव्हीवरच्या कार्टूनसमोर ठाण मांडून. पहिली — मुलाच्या डोक्याचा गोल डावीकडे चेपलाय. दुसरी — हसताना तोंडाचा शेंगदाणा उलटा पडलाय. तिसरी — बकरीचे कान फार लांब. चौथी — पुन्हा बकरीचे कान! यांना बकरी माहीत नाही का? असं वीस मिनिटं चाललं होतं. शेवटी नावांची यादी वर सरकायला लागली तर त्यात आमच्या स्टुडिओतलं एकही नाव नाही. मालिका आमची नव्हतीच. दुसऱ्याच कंपनीची. आणि ती बकरी नव्हती. गाढव होतं!

खरं गाढव वही घेऊन सोफ्यावर बसलं होतं.

लेक पोट धरून हसली. नऊ वर्षांची आहे, पण हसते म्हाताऱ्या खाष्ट बाईसारखी. "मला वाटलं तुला माहितीये आई." मग सांगितलं का नाहीस? "तू इतकी मन लावून लिहीत होतीस..."

आई खुर्चीतून म्हणाली — "म्हणजे ही ती नव्हे? मला तर सगळी पोरं एकाच घरातली दिसतात. पण माझा मोतीबिंदू पिकलाय बाई. तुला काय धाड भरली?"

चौदा वर्षं मी ही चित्रं तपासते. आपलं कुठलं आणि परक्याचं कुठलं ते मला कळलं नाही. हसण्यावारी नेलं खरं, पण आत चरचरलं.

मंगळवार, ४ मार्च

स्टुडिओत हे कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वर्षभर बकरीचा आवाज काढून चहाला बोलावलं असतं.

माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे, काम एका ओळीचं. कुणीही काढलेलं चित्र साच्यात बसतंय का ते बघायचं. बसत नसेल तर बसवायचं. डोकं वाटीसारखं गोल. डोळे म्हणजे दोन टिंबं. तोंड शेंगदाण्याएवढं. नाक नाही. नाक नाहीच! चाळीस माणसं तीन मजल्यांवर बसून एकच मुलगा काढतात. एकानं नाक काढलं की चाळिसांना काढावं लागतं, मग मान वळली की ते बाजूनं काढावं लागतं, मग एकाचं चाफेकळी येतं आणि दुसऱ्याचं भजं. त्यापेक्षा नाकच रद्द. यात चूक कुणाचीच नाही. काम वेळेत होतं, घरं चालतात.

मामांनी माझं नाव 'इस्त्री' ठेवलंय. मामा मागची चित्रं रंगवतात — रस्ते, झाडं, आभाळ. सगळ्यांत जुने, म्हणून सगळ्यांचे मामा. "आली इस्त्री, सुरकुत्या लपवा रे!" मी पण हसते. एकदा त्यांनी वाकडं झाड काढलं होतं, वाऱ्यानं खरंच कललेलं. मी सरळ केलं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं अजून आठवतं.

गुरुवार, ६ मार्च

आईचं ऑपरेशन झालं!! पंधरा मिनिटं. बाहेर मी देवाचं नाव घेत बसलेली आणि आत आमच्या मातोश्री डॉक्टरांना म्हणतायत — "या वेळी लवकर घेतलंत हो. नोव्हेंबरात एक्केचाळीस नंबर दिला होतात मला. एक्केचाळीस! चाळीस जणांचे डोळे बघून झाल्यावर माझ्या डोळ्यांसाठी तुमचे डोळे उरले होते का?"

हे पुराण ऐकून ऐकून घरातल्या सगळ्यांना पाठ झालंय. नोव्हेंबरात पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा सकाळी नऊला डोळ्यांत औषध घातलं, चष्मा काढायला लावला आणि दुपारी दोनपर्यंत बाकावर बसवलं. आईला समोरचं दिसेना, करमेना. मी मांडीवर काम घेऊन बसले होते, डेडलाईन होती. तेव्हापासून दूधवाला असो की वकील, आई भेटेल त्याला एक्केचाळीस नंबर सांगते.

पट्टी उद्या निघेल. थेंब नवरा घालणार आहे. माझा हात थरथरतो म्हणे.

शुक्रवार, ७ मार्च

पट्टी निघाली. आईनं डॉक्टरांकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"अगं, तू म्हातारी झालीस की! मला कुणी बोललं कसं नाही?"

मी आणि नर्स हसून हसून खाली बसलो. मग मी रडले. चार महिने भीती होती — एक डोळा आधीच कामातून गेलेला, हाही बिघडला असता तर? नाही बिघडला. चष्माही सुटला. चाळीस वर्षांत मी आईला बिनचष्म्याची अशी बघितलीच नाही. गाल किती आत गेलेत!

संध्याकाळी घरी टीव्ही लावला. लेकीनं तीन वाहिन्यांवरची तीन कार्टून दाखवली. आई पुढं सरकली, डोळे बारीक केले, मोठे केले. मग हताश होऊन म्हणाली — "नाही गं. अजून सगळी एकसारखीच दिसतात. डॉक्टरांनी काहीतरी राहू दिलंय आत."

"आजी, ती आहेतच एकसारखी!"

"आहेतच?" आईनं माझ्याकडे बघितलं. "मग तू चौदा वर्षं तिथं जाऊन करतेस काय?"

रविवार, ९ मार्च

लेकीनं खेळ काढला. आवाज बंद, वाहिनी बदलायची, मालिका ओळखायची. तिनं दहापैकी तीन ओळखल्या. मी चार. त्यातल्या दोन माझ्याच होत्या.

विचार करत बसले. असं करा म्हणून कुणी हुकूम काढला नव्हता. मागच्या वेळी जे खपलं ते पुढच्या वेळी मागितलं. जे मागितलं ते येणारी माणसं कामावर घेतली. ती माणसं या कंपनीतून त्या कंपनीत गेली, जाताना हात घेऊन गेली. पाणी उताराकडे जातं तसं सगळं एका जागी येऊन साचलं. मीही तशीच आले. सुरुवातीला मी नाकं काढायची! माणसागणिक वेगळं. तेव्हाच्या तपासनीसबाई खोडरबर आपटून म्हणायच्या — "नाकं घरी काढा." नाक विसरायला मला सहा महिने लागले. मग इतकं विसरले की त्यांची खुर्ची मला मिळाली.

घरी मात्र कधी काढलंच नाही.

सोमवार, १० मार्च

आज बॉम्ब पडला. वाहिनीच्या बाई स्वतः आल्या. आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्या पडद्यावर विसावा भाग लावला, बसथांब्याचं दृश्य आलं, आणि थांबवलं.

"डावीकडून दुसरी. हिला नाक आहे."

खरंच नाक होतं! गर्दीतली एक म्हातारी. बाकी सगळे वाटीडोके, आणि मधोमध ही — नाक लांब, टोकाशी किंचित डावीकडे कललेलं, गाल आत, खालचा ओठ दातांत धरलेला. रंगवणाऱ्यांनी सवयीनं जांभळे केस आणि लाल कोट चढवलेला. मुठीत बसचं तिकीट की काय ते घट्ट धरलंय. चार सेकंद दिसते. पण एकदा दिसली की दुसरीकडे नजर जात नाही. मुख्य मुलगा तिथंच उडी मारतो, त्याच्याकडे कोण बघेल?

बाई म्हणाल्या — "आज एक नाक, उद्या चाळीस. भाग पुन्हा दाखवायचाय, त्याआधी काढा."

त्या गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "हिला सपाट कर. आणि हे कुणी केलं त्याचं नाव पुढच्या सोमवारी लेखी दे. त्याला इथं ठेवणार नाही." मग हळूच — "तुझ्या नजरेतून सुटलीच कशी गं?"

डोक्यापासून पायापर्यंत तापले. प्रत्येक गर्दी माझ्या डोळ्यांखालून जाते. हीसुद्धा गेली असणार. मी हिला बघून 'ठीक' लिहिलंय!

मंगळवार, ११ मार्च

शोधणार कसं? गर्दी आमच्याकडे कुणाच्याच नावावर नसते. मुख्य मुलांची चित्रं ठरलेले लोक काढतात, त्यावर नाव पडतं. गर्दी मात्र ज्याला फावल्या वेळात जमेल त्यानं काढायची आणि एकाच फोल्डरमध्ये ओतायची. पन्नास, साठ, शंभर डोकी, मान खाली घालून, तांदूळ निवडल्यासारखी. तिसऱ्या दिवशी काढणाराही विसरतो. "गर्दीला आईबाप नसतात" असं आम्ही म्हणतो.

पण हात लपत नाही. ही रेघ कागदावर शिकलेल्या माणसाची आहे. आमच्यात कागदावर शिकलेले किती? एक मामा. दुसरी मी — पण माझं काय, मी तर इस्त्री.

मामांचा करार येत्या सोमवारीच नवा व्हायचाय. हे आठवलं आणि जेवण जाईना.

बुधवार, १२ मार्च

तिचं नाक पुसायला तीनदा बसले. तीनदा उठले. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं!

गुरुवार, १३ मार्च

मामांना गाठलंच. जिन्यात, चहाचा कप हातात. चित्र छापून नेलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद अगदी डोळ्यांपाशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं — लहान मुलाला मिठाई दिसावी तसं.

"भाग पहिल्यांदा लागला तेव्हाच हिला पाहिली होती मी पडद्यावर," म्हणाले. "बायकोला उठवून दाखवली."

"मामा, तुम्हीच ना?"

"तुला काय वाटतं?"

"हात तुमचाच दिसतो."

"तुला हात ओळखता येत नाही?" असं म्हणून माझ्याकडे बघितलं. झाड सरळ केलं तेव्हा बघितलं होतं तसंच. मग कप खाली ठेवला. "लिही माझं नाव. माझं वय झालंय, मला कुणी खाणार नाही. पण एक कर. पुसायची असेल तर हळू पूस."

हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं?

मला त्यांचा राग येतोय. आणि खरं सांगायचं तर हेवा वाटतोय. साठीच्या पुढचा माणूस, आणि हात अजून जिवंत. माझ्या हातातून शेवटचं माणूस कधी उतरलं?

शुक्रवार, १४ मार्च

आज रजा काढून घरी बसले आणि आईला समोर बसवलं. कागद, पेन्सिल. म्हटलं बघूच.

पहिलं चित्र — वाटी, दोन टिंबं, शेंगदाणा. खोडलं. दुसरं — वाटी, टिंबं, शेंगदाणा. हात ऐकतच नाही! तिसऱ्याला मुद्दाम नाक काढलं तर ते चिकटवल्यासारखं आलं. आईनं नव्या डोळ्यानं बघितलं.

"ही कोण? बाहुली?"

"तू आहेस."

"मी?" बिचारीनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "छान आहे हो. केस छान काढलेत."

आई कुणाच्या चित्राला छान म्हणत नाही. माझी कीव आली तिला. न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. संपलं. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढता काढता माझी सगळी रेघ गेली. उरली ती साच्याची.

दुपारी अहवाल लिहिला. 'सदर चित्र मागील चित्रांच्या विभागातील ज्येष्ठ चित्रकार यांचे असावे.' असावे! किती भित्रा शब्द. लिहून झाल्यावर क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

शनिवार, १५ मार्च

अहवाल बॅगेत. बॅगेकडे बघवत नाही.

चित्र घरी आणलंय. उद्या सपाट करायचं. सोमवारी दोन्ही देऊन टाकायचं — बाईचं नाक आणि मामांचं नाव.

रविवार, १६ मार्च

सकाळी चित्र टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर लावलं, नाक नीट दिसावं म्हणून. पेन उचललं तेवढ्यात आई आली. पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. लेक ओरडली, आजी, डोळ्यांना त्रास होईल! आईचं लक्षच नाही. सगळ्यांनी आठवडाभर नाक पाहिलं. तिनं मुठीकडे पाहिलं. बोट ठेवून मोठ्यानं वाचलं —

"एक्केचाळीस."

मी पुढं होऊन बघितलं. मुठीतून डोकावणारा चिटोरा. बसचं तिकीट नाही. त्यावर ४१.

आई वळली. बिनचष्म्याची, गाल आत, खालचा ओठ दातांत. नोव्हेंबरातल्या बाकावर होती तशी. शेजारी मी होते, मांडीवर चित्रं काढायची पाटी, गर्दी काढत — साठ डोकी हवी होती. एकोणसाठ साच्यातली झाली असणार. मी 'ठीक' का लिहिलं ते आता कळलं. आपल्याच हातचं आपल्याला खटकणार कसं? मामांनी पडद्यावर पाहून माझा हात ओळखला, म्हणून तर स्वतःचं नाव पुढं केलं. मला ओळखता आलं नाही!

खुर्चीवर बसले. हसायला येत होतं, रडायला येत होतं, हात मात्र मांडीवर अगदी शांत होता.

अहवाल फाडला. नवा लिहिला. एकच ओळ — 'ही मी काढली, आणि मी पुसणार नाही.' खाली सही. पुढं काय व्हायचं ते होवो! इतकं हलकं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

आई अजून पडद्यापाशीच होती. "कोटाचा रंग काही बरा नाही," म्हणाली. "पण चला, पाच तास ताटकळत बसवलं त्याचं काहीतरी चीज झालं."